मारुती दुसरी, अंबेसिडर पहिली

डिंडोली, सूरत
मंगळवार, ३१ मार्च २०२६

चि. सुकलाल यास आक्काचे अनेक आशीर्वाद. छायाला आणि मुलांनाही सांग.

आपली मारुती दुसरी आली. रविवारी इथे जुन्या गाड्यांचा मेळावा होता, निकाल काल दुपारी लागला. आयोजकांतल्या देसाईभाईंनी स्वतः फोन करून सांगितलं. माझ्या हर्षदाचा विश्वास बसेना. तिने संध्याकाळी पुन्हा फोन लावून विचारलं, तेव्हा त्यांनी तिला शांतपणे जेवून घ्यायला सांगितलं, "बेन, दुसरी एटले दुसरी. हवे शांतिथी जमी लो." घरगुती वापराच्या गाड्यांचा वेगळा गट होता. बारडोली, नवसारी, भरूच, कुठून कुठून गाड्या आल्या होत्या. त्यांत आपली दुसरी. आणि पहिली कोणती आली ते ऐक. अंबेसिडर. चौसष्ट सालची, म्हणजे आपल्या नानांच्या गाडीची पाठची बहीणच म्हण.

तू म्हणशील, हे फोनवरही सांगता आलं असतं. फोनवर तू "हं, बरं, छायाला देतो" म्हणतोस आणि मग मी अर्धा तास छायाशी कांद्याच्या भावावर बोलते. पत्र तुला असं दुसऱ्याच्या हातात देता येणार नाही. म्हणून लिहितेय.

भागीरथी काकू गेल्या आठवड्यात उधन्याला लग्नात भेटल्या. त्यांच्याकडून कळलं की अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीच्या मुहूर्तावर, तू नानांची अंबेसिडर हायवेवरच्या हॉटेलवाल्याला देणार आहेस. दारापाशी ओटा बांधून त्यावर ठेवणार, चाकं सिमेंटमध्ये बसवणार आणि बोनेटवर 'खान्देशी थाळी' असा बोर्ड लावणार, असं काकू म्हणाल्या. देऊ नकोस, एवढंच माझं म्हणणं आहे. का, ते सांगते. पण आधी मारुतीचं सांगू दे, कारण दोन दिवस मला दुसरं काही सुचत नाही.

ही मारुती तू पाहिलेली आहेस, पण ओळखणार नाहीस. तुझे दाजी ज्या शेठच्या घरी ड्रायव्हर होते, त्यांची ही पहिली गाडी, पंच्याऐंशी सालची, पहिल्या चौकोनी बांधणीची. शेठ गेल्यावर ती कितीतरी वर्षं त्यांच्या बंगल्यात कापडाखाली उभी होती. दाजी निवृत्त झाले तेव्हा शेठाणींनी ती त्यांनाच दिली, म्हणाल्या, "वाल्मिकभाई, तमे ज चलावी, तमे ज राखो." घरी आणली तेव्हा तिच्या डिकीत मांजरीची पिल्लं होती. हर्षदा आणि तिच्या वडिलांनी मिळून दोन वर्षं तिच्यावर घालवली. रविवार म्हटला की दोघं गाडीखाली आणि मी चहाचा कप घेऊन त्यांच्या पायांशी बोलतेय, असं आमचं चाललं होतं.

सगळं मिळालं, फक्त सीटचं कापड मिळेना. मूळ कापड राखाडी, त्यावर बारीक चौकडी. हर्षदा कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइनं करते, ते तुला माहीत आहे. तिने सीटच्या खाली दुमडलेला, ऊन न लागलेला एक तुकडा शोधला, त्यावरून चौकडी काढली आणि भेस्तानला भगवानकडे गेली. भगवान शिंदखेड्याकडचा, दाजींचा जुना मित्र, लूम चालवतो. तो म्हणाला, "पोरी, माझ्याकडे लोक ताक्यांच्या हिशेबात बोलतात आणि तू मला दोन सीटांचं कापड मागतेस?" आणि दिलं विणून. रविवारी परीक्षकाने सीटवरून हात फिरवला आणि मूळ कापड मिळालं कुठून ते विचारलं, "ओरिजिनल कापड क्यांथी मळ्युं?" हर्षदा म्हणाली, "भेस्तानथी." त्याला वाटलं पोरगी थट्टा करतेय. भगवान तिथेच मागे उभा होता. तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

मग पहिला नंबर का नाही? त्याला आपली माणसंच कारण.

सकाळी गाडी निघायच्या आधी गल्लीतल्या बायका पूजेची ताटं घेऊन हजर. पुढे प्रमिलाबाई. आमच्या समोर राहतात, पारोळ्याच्या. त्यांनी लिंबं ठेवली, नारळ फोडला, इथवर ठीक. पण मी घरात पाण्याच्या बाटल्या भरायला गेले तेवढ्यात त्यांनी तेलात कुंकू कालवून पांढऱ्याशुभ्र बोनेटवर हा एवढा स्वस्तिक काढला. आपल्याकडे नव्या गाडीला काढतातच, त्यांचं तरी काय चुकलं! पण मार्चचं ऊन. मैदानावर पोचेस्तोवर ते कुंकू रंगात मुरलं. हर्षदाने पुसलं तर स्वस्तिक गेला आणि गुलाबी ढग राहिला.

परीक्षक वाकून बघायला लागला. "आ शुं छे? डाघ छे?"

प्रमिलाबाई आमच्याबरोबर आल्याच होत्या, त्या मध्ये पडल्या. "डाग नहीं भाऊ, पूजा है."

तो बिचारा भला माणूस होता. हात जोडून म्हणाला, "बेन, पूजाना मार्क नथी होता."

"मग कशाले होतस मार्क?" प्रमिलाबाई आम्हाला म्हणाल्या. "देवनं नाव नही, नुस्ता रंगना भाव!" काल निकाल कळल्यापासून त्या पाच वेळा येऊन गेल्या. दर वेळी म्हणतात, "रंजनाताई, तो ढग नसता तर पहिलीच होती ना?" मी म्हणते, नाही हो, दुसरीच होती. आणि खरं सांगू का, मला ते खरंच वाटतं. कारण पहिली आलेली गाडी मी आतून पाहिली.

ती आमच्या शेजारीच उभी होती. बारडोलीचे एक वयस्कर काका घेऊन आले होते. काळी, रुंद, मोठमोठ्या डोळ्यांची. तिच्याशेजारी आपली मारुती म्हणजे लग्नात मोठ्या काकूच्या पदराला धरून उभी असलेली पोर. येणारे जाणारे दोन्ही गाड्यांचे फोटो एकत्र काढत होते आणि कोणती चांगली यावर वाद घालत होते. तुझे दाजी बोलले, "अंबेसिडर म्हणजे पितळेचा हंडा, मारुती म्हणजे स्टीलचा डबा. हंडा देवळात शोभतो, डबा रोज लागतो." काकांना हे कोणीतरी गुजरातीत सांगितलं, तर ते म्हणाले, "साची वात, पण घसो तो हांडो ज चमके!" झालं, दोघांची दोस्ती जमली.

त्यांनी मला दार उघडून दिलं. "बेसो ने, बेन."

सुकलाल, मी बसले आणि मला रेक्झिनचा वास आला. तापलेल्या रेक्झिनचा आणि पेट्रोलचा मिळून जो येतो तो. पुढची सीट अखंड, पलंगासारखी. गियरचा दांडा स्टेअरिंगला, त्यामुळे मध्ये काही आडवं येत नाही. तिथे नाना, मध्ये तू, दाराशी मी आणि माझ्या मांडीवर हर्षदा, असे आपण सूरतहून दोंडाईच्यापर्यंत गेलो आहोत. मागच्या सीटवर माझ्या सामानाखेरीज कोणी नसायचं, तरी आपण सगळे पुढेच. मारुतीत तसं होत नाही. तिच्या दोन सीटांच्या मध्ये गियर आणि हँडब्रेक. ज्याने त्याने आपापल्या जागी बसायचं.

दोघींत फरक पुष्कळ आहेत. अंबेसिडरचं दार लावलं की तिजोरी बंद केल्यासारखं वाटतं, मारुतीचं लावलं की डब्याचं झाकण. अंबेसिडर सुरू करायला नाना चोक ओढायचे, थांबायचे, तिच्याशी बोलायचे आणि थंडीत तरीही पुढे जाऊन हँडल मारायचे. मारुतीला किल्ली फिरवली की झालं, बोलायची गरजच नाही. अंबेसिडर सोनगडच्या पुढच्या चढाला तापायची, मग आपण झाडाखाली बसायचो आणि नाना तिला पाणी पाजायचे. मारुती थांबत नाही, त्यामुळे वाटेतली झाडंही लक्षात राहत नाहीत. पण अंबेसिडरचं स्टेअरिंग वळवायला गड्याचे दंड लागतात. नानांचे खांदे बघितले होतेस ना, ते जिनिंगच्या मालकांना तीस वर्षं त्याच गाडीतून फिरवून झालेले खांदे होते; गाडी मालकांनी नंतर त्यांना दिली. मारुतीचं स्टेअरिंग दोन बोटांनी वळतं. माझ्यासारखीच्याही.

तर मी तिथे बसले होते आणि माझ्या डाव्या पायाला खाली एक बटण लागलं. मी न बघताच दाबलं. समोरचे दिवे वरखाली झाले. डिपर! नाना पायाने डिपर द्यायचे ते मी लहानपणापासून बघत आले होते, ते डोक्यात नाही, पायात राहिलं होतं. काका चकित झाले. म्हणाले, "बेन, तमे ड्राइवर छो?"

मी म्हटलं, "हा, काका. आ सफेद मारुति हुं ज लावी छुं."

बघ, मीच आणली, आलं ना बाहेर. चार पानं झाली आणि मी ते वाक्य टाळतेय. गाडी मी चालवते, सुकलाल. रविवारी डिंडोलीहून मैदानापर्यंत, उधन्याचा पूल चढून, मीच नेली.

तुझ्या दाजींना मागच्या दिवाळीपासून गाडी चालवायला बंदी आहे. साखरेमुळे डोळ्यांच्या पडद्याला धक्का बसलाय. इंजेक्शनं चालू आहेत, दिसतं, माणसं ओळखतात, वाचतातही थोडं. पण बाजूचं दिसत नाही, आणि संध्याकाळ झाली की काहीच भरवसा नाही. तुम्हाला कळवलं नाही, कारण त्यांनीच नको म्हटलं. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना सुखरूप पोचवलं, त्याला "आता तुम्ही शेजारी बसा" हे सांगणं सोपं नव्हतं. डॉक्टरांकडून आले त्या दिवशी त्यांनी आधी गाडी पुसून काढली. मग आत येऊन मला म्हणाले, "तू शीक."

मी म्हटलं, "मी? छप्पन्नाव्या वर्षी?"

"हर्षदा उद्या नांदायला जाईल. मग मला दवाखान्यात कोण नेईल? तो भगवान? त्याला लूमशिवाय काही सरळ चालवता येत नाही."

गेले मग इथल्या ड्रायव्हिंग क्लासला. बरोबर सगळ्या कॉलेजच्या पोरी. शिकवणारा मुलगा यूपीचा. पहिल्या दिवशी ओरडला, "मासी, क्लच छोड़ना है, स्टेअरिंग नहीं!" मी घाबरून दोन्ही सोडलं होतं. गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहून बघायच्या. कोणी म्हणे, "रंजनाताई, आता रिक्षाच काढा, आम्हाला बाजारात सोडत जा." पण दाजींनी मात्र शिकवलं ते मनापासून. क्लास झाला की संध्याकाळच्या आत डिंडोलीच्या तलावाकडे रिकाम्या रस्त्यावर न्यायचे, शेजारी बसायचे आणि म्हणायचे, "इंजिनचा आवाज ऐक, तो सांगतो गियर कधी बदलायचा. काट्याकडे बघू नकोस." आता त्यांना काटा दिसत नाही, पण मी एक गियर चुकीचा टाकला की लगेच कळतं. लायसन पहिल्या फेरीत मिळालं. हर्षदाने त्याचा फोटो काढून मोबाइलच्या पहिल्या पानावर ठेवलाय. विचारणाऱ्याला सांगते, "ही आमची ड्रायव्हर."

हे तुला सांगायला मला इतका वेळ का लागला, ते तुलाही माहीत आहे. नानांच्या तेराव्याला मी म्हटलं होतं की जमिनीवर मी सही करून देते, मला फक्त अंबेसिडर दे. तेव्हा तू सगळ्यांसमोर बोललास, "गाडी काय लुगडं शे का, घडी करीसन लई जाशी? आनि चलाई कोन?" सगळे हसले. मीही हसले. मला राग तुझ्या बोलण्याचा आला नाही. तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, त्याचा आला. दाजी चालवतील असं मी म्हणाले असते तरी ती दाजींची गाडी झाली असती, नानांच्या लेकीची नाही.

त्याच्यानंतरच्या आखाजीला मी पिशवी भरून बसले. नाना होते तेव्हा त्यांनी एकही आखाजी चुकवली नाही. लेकीने बोलावणं आल्याशिवाय, कोणी मुराळी न्यायला आल्याशिवाय माहेरी जायचं नाही, ही आपली रीत. डिंडोलीतल्या बाकीच्या बायकांचे भाऊ एसटीने यायचे, रेल्वेने यायचे. माझा बाप अंबेसिडर घेऊन यायचा. गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला की पोरं न्यायला माणूस आल्याची वर्दी द्यायची, "रंजनामावशीनं मूळ उनं!" नाना पायऱ्या चढायच्या आधीच म्हणायचे, "बेटा, लेवाले उनू तुले." सासूबाई असेपर्यंत त्याही पदर सावरून दारात यायच्या, इतका त्या गाडीचा रुबाब.

त्या वर्षी हॉर्न वाजला नाही. पुढच्या वर्षीही नाही. मुराळी येत नाही म्हणून मी आले नाही, आणि आक्का येत नाही, तिचा डोळा अजून गाडीवर आहे, असं धरून तू आला नाहीस. सात वर्षं झाली. आखाजीचे झोके रिकामे राहिले असतील असं मी म्हणत नाही, तुझ्या लेकी आहेत झोके घ्यायला. पण सांजोऱ्या तळताना मी दर वर्षी तुझ्या वाटच्या जास्त करते आणि मग त्या गल्लीत वाटते.

आता अंबेसिडरचं. मला ती नको, सुकलाल. खरंच नको. गाडी ज्याला येते त्याची असते हे मला कळलंय, आणि नानांची गाडी नानांच्या खालोखाल फक्त तुला येते. तू पंधरा वर्षांचा असताना तिचा गियर काढून बसवला होतास. मला एवढंच हवंय की ती चालावी. तू हॉटेलवाल्याला का देतोयस तेही मी समजू शकते. ब्रेक लागत नाहीत, उंदरांनी वायरिंग खाल्लंय, खळ्यात नुसती उभी राहून गंजतेय, त्यापेक्षा निदान चार लोक बघतील, फोटो काढतील. पण ते बोर्डाचे फोटो काढतील रे. चाकं सिमेंटमध्ये गेलेली गाडी म्हणजे गाडीचा पुतळा. बारडोलीच्या काकांची पहिली आली ती त्यांनी मैदानापर्यंत चालवत आणली म्हणून. आणि सांगू? नानांच्या गाडीपुढे ती काहीच नाही. तिचा डॅशबोर्ड नवा आहे, बंपर दुसऱ्या मॉडेलचा आहे. आपल्या गाडीला जे बसवलं होतं ते सगळं अजून तिच्याच अंगावर आहे. मी काकांना हे तोंडावर सांगितलं. ते रागावले नाहीत. मग घेऊनच या म्हणाले, "तो लावो ने, बेन! डिसेम्बरमां फरी मळीशुं."

डिसेंबरात बारडोलीला मेळावा आहे. माझ्या मनात काय आहे ते तुला कळलंच असेल. तिथे दोन गाड्या शेजारी उभ्या असतील, एक तुझी, एक माझी. परीक्षकांनी कोणतीही पहिली काढावी. दोन्ही बाजूंनी नंबर आपल्याच घरात.

हर्षदाने ब्रेकचं किट मिळवलंय. वायरिंगचा पूर्ण संच उधन्याच्या एका जुन्या कारागिराकडून बनवून घेतलाय. दोन्ही वस्तू मारुतीच्या डिकीत ठेवल्यात. रेडिएटर तिथेच धुळ्याला नीट होईल असं दाजी म्हणतात. ते मागच्या सीटवर बसून तुला सगळं तोंडी सांगतील, हात तुझे. त्यांना आता हेच हवंय, कोणाला तरी शिकवायला.

आखाजी रविवारी, एकोणीस एप्रिलला आहे. आम्ही तिघं शनिवारी पहाटे इथून निघणार. बारडोली, व्यारा, सोनगड करत नवापूरला नाश्त्याच्या वेळेपर्यंत पोचू. एवढ्या लांब मी याआधी गाडी नेलेली नाही, पण दाजी शेजारी असतील आणि रस्ता आता चौपदरी आहे. बिनबोलावता येतेय, हे मला ठाऊक आहे. प्रमिलाबाई म्हणाल्या, "मुराळ्याशिवाय माहेरी? लोक काय म्हनतीन?" मी म्हटलं, लोकांना सांगा, रंजना स्वतःच स्वतःला न्यायला आली होती.

तरी रीत अगदीच मोडू नये असं वाटतं. नवापूर म्हणजे गुजरातची हद्द संपते ती जागा. तू तिथवर आलास, मोटरसायकलवर ये, एसटीने ये, कसाही ये, तर मूळ आलं असं मी धरीन. तिथून पुढे तू मारुतीत माझ्या शेजारी बसायचं, दाजी मागे जातील. वाटेत तू मला गियर शिकवू नकोस, मला येतात.

नवापूरच्या स्टेशनाबाहेर चहाच्या टपऱ्या आहेत, तिथे एक चहा होईल एवढा वेळ मी थांबेन. मग निघेन, कारण दुपारच्या आधी घरी पोचायचं आहे, तू आला असलास तरी आणि नसलास तरी.

तुझ्या वाटेकडे डोळे, रस्त्याकडे लक्ष,
तुझी आक्का,
रंजना